डोंगरगावचा डायनासोर तुमच्या मांडवात का नाही?

प्रति,
गावोगाव फिरणाऱ्या हलत्या डायनासोर प्रदर्शनांचे आयोजक,
तसेच शाळेच्या सहली तिथे नेणारे मुख्याध्यापक आणि शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत नागपुरात तुमच्यापैकी एकाचं प्रदर्शन लागलं होतं. ते बघायला मी माझ्या बाबांना घेऊन गेले. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांमधून त्यांनी तीस वर्षं शिकवलं. रांगेत पुढेमागे सगळी लहान मुलं आणि त्यांचे आईवडील. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, ‘मूल कुठंय?’ मी म्हटलं, मूल नाही, आम्ही दोघंच.

आम्ही दोघंच का आलो होतो, हे सांगितल्याशिवाय पुढची तक्रार तुम्हाला कळणार नाही.

वरोऱ्याजवळ डोंगरगाव नावाचं गाव आहे. 1980च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या टेकडीतून एका अवाढव्य शाकाहारी डायनासोरची हाडं काढली. मणके, बरगड्या, कंबरेची हाडं, खांद्याचं पातं, आणि दंडाचं एक हाड, लांबी 148 सेंटिमीटर. 1997 मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी असं नाव दिलं. पुढे 2003 मध्ये हा प्राणी त्या गटात बसत नाही, वेगळाच आहे, असं ठरलं. मग त्याच संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (आय.एस.आय.) त्याला आयसिसॉरस हे नाव मिळालं.

बाबांना हे वर्तमानपत्रातून कळलं, आणि त्या वर्षापासून शाळेत एक रिवाजच पडला. कबड्डीच्या रेघा मारायची फक्की घेऊन ते मैदानावर त्या प्राण्याची आकृती काढायचे, शेपटीपासून मानेपर्यंत साठ फूट. पावलांनी मोजून, दोरी लावून. डोक्याच्या जागी मोठं प्रश्नचिन्ह काढायचे, कारण डोकं सापडलेलंच नाही. मग सातवीचा अख्खा वर्ग त्याच्या पोटात बसायचा. मीही बसले आहे. चाळीस मुलं मांडीला मांडी लावून बसलो तरी पोट भरत नव्हतं, हे मला आजही आठवतं. एवढा मोठा प्राणी आपल्या तालुक्यात चरत होता ही गोष्ट मी पुस्तकातून शिकले नाही, जमिनीवर बसून शिकले.

बाबांना एकदा तरी तो उभा असलेला बघायचा होता. फक्कीची रेघ ही आडवी पडलेली सावली, असं ते म्हणायचे. कोलकात्याला त्याच संस्थेच्या संग्रहालयात बारापासॉरस या दुसऱ्या एका लांब मानेच्या भारतीय डायनासोरचा उभा सांगाडा आहे, तो बघायला जाऊ म्हणता म्हणता आई आजारी पडली आणि ते राहूनच गेलं. त्यामुळे ‘प्रत्यक्ष आकाराचे, हलणारे डायनासोर’ ही तुमची जाहिरात पेपरात आली तेव्हा त्यांनी ती कापून चष्म्याच्या डबीत ठेवली. मला फोनवर एवढंच म्हणाले, ‘येतो मी नागपूरले.’

चांगलं ते आधी सांगते. दारातून आत शिरल्यावर समोर टिरॅनोसॉरस होता. मान वळवत होता, पापण्या मिटत होता, छाती वरखाली होत होती. पोलादाच्या सांगाड्यात मोटारी बसवायच्या, वर स्पंज, त्यावर रबरासारखी रंगवलेली कातडी, आणि माणूस जवळ आला की संवेदकानं हालचाल सुरू. चीनमधल्या झिगाँग शहरात अशा प्रतिकृती बनवण्याचा मोठा धंदा आहे, आणि त्या शहरात खऱ्या डायनासोर जीवाश्मांचं मोठं संग्रहालयही आहे, हे बाबांनीच मला तिथे उभ्या उभ्या सांगितलं. एक मुलगा दर पाच मिनिटांनी प्रतिकृतीच्या मागे जाऊन वायर नीट करत होता. ही मेहनतीची कला आहे आणि मला तिचा आदर आहे. कठड्याला धरून बाबा त्या पायांकडे किती वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी बऱ्याच वर्षांनी पाहिला.

मग ते शोधायला लागले. काठी टेकत प्रत्येक फलकापाशी थांबायचे, चष्मा वर करून नाव वाचायचे, पुढे जायचे. तीसेक प्राणी होते. अमेरिकेतले, मंगोलियातले, आफ्रिकेतले. दोन फेऱ्या झाल्यावर त्यांनी तिथल्या एका स्वयंसेवक मुलाला विचारलं, आपल्या इकडचा कुठं ठेवलाय? तो म्हणाला, ‘काका, इंडियात डायनासोर नव्हतेच ना.’

त्या मुलाला मी दोष देत नाही. विशीतला पोरगा, दिवसभर उभा, त्याला जे सांगितलं गेलं तेच तो सांगणार. पण त्याच्या मागे पाचवी-सहावीच्या मुलांची एक सहल उभी होती आणि त्या सगळ्यांनी ते ऐकलं. बाबा तिथे काही बोलले नाहीत. बाहेर चहा पिताना म्हणाले, ‘माह्या वर्गातलं पोट्टं असं म्हनलं असतं, तर त्याले मैदानात नेऊन उभं केलं असतं. याले कुठं नेऊ?’

म्हणून हे पत्र.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच. तुम्ही भारतात फिरता, भारतातल्या मुलांच्या खिशातून तिकीट घेता, आणि भारतातल्या एकाही डायनासोरचं नाव तुमच्या मांडवात नाही. त्यातून मुलं जे समजायचं ते समजतात. आणि गोष्ट तर उलटी आहे. आपल्या देशात डायनासोरची हाडं 1828 मध्ये सापडली, जबलपूरला, कॅप्टन स्लीमन यांना. तोवर ‘डायनासोर’ हा शब्दही बनला नव्हता, तो 1842 मध्ये आला. एकोणिसाव्या शतकातच नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याहून हाडं गोळा केली होती. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. तुमच्या मांडवात आलेल्या कितीतरी मुलांचे आईवडील त्या कॉलेजात शिकलेले असतील.

मांसाहारीच हवा, दात दिसले पाहिजेत, नाहीतर गर्दी होत नाही, असं तुम्ही म्हणाल. तर गुजरातेत बालासिनोरजवळ रहियोलीला मिळालेला राजासॉरस आहे, 2003 मध्ये नामकरण झालेला, डोक्यावर शिंग असलेला. त्याचं पूर्ण नावच राजासॉरस नर्मदेन्सिस. लहान मुलाला हे नाव एकदा सांगा, तो जन्मभर विसरणार नाही. थरार हवा असेल तर गुजरातेतच ढोली डुंगरीला सापडलेला तो दगड आहे, ज्यात डायनासोरच्या अंड्यांच्या घरट्यात साडेतीन मीटरचा साप वेटोळं घालून बसलेला आहे, आणि शेजारी नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू. हा दगड ज्यांनी शोधला ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले तेव्हाचे शास्त्रज्ञ धनंजय मोहबे. त्यात साप आहे हे नीट उलगडून 2010 मध्ये ते प्रसिद्ध झालं, सापाला सनाजे इंडिकस हे नाव मिळालं. याची हलती प्रतिकृती करायला किती सोपी आहे! साप डोकं उचलतोय, पिल्लू मान काढतंय. यापेक्षा जिवंत देखावा तुमच्या अख्ख्या मांडवात नव्हता.

आणि पिसदुरा. तिथल्या शेतात नांगर फिरला की गोल, वळ्या पडलेले दगड वर येतात. ती डायनासोरांची दगड झालेली विष्ठा आहे, बहुधा डोंगरगावच्यासारख्याच लांब मानेच्या शाकाहारी प्राण्यांची. 2005 मध्ये वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दगडांत गवताचे सूक्ष्म कण दाखवून दिले. त्याआधी जगभरात असं मानत होते की गवत डायनासोर गेल्यानंतरच पसरलं. पिसदुऱ्याच्या शेणानं ते मत बदललं. पुढे त्यात भाताच्या भाऊबंदांचाही अंश मिळाला. आमच्या जिल्ह्यात धान पिकवणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटेल याचा विचार करा. माझ्या लहानपणी बाबांच्या वर्गाच्या कपाटात मुलांनी आणलेले असे पाच-सहा दगड होते. नंतर त्यांनी ते आणायला बंदी केली. जागेवरून उचलला की दगडाची अर्धी गोष्ट तिथेच राहते, म्हणायचे. तेव्हा पिसदुऱ्याला जाऊन दगड वेचा असं मी कुणालाच सांगत नाही. मांडवात त्याची प्रतिकृती ठेवा, एवढंच म्हणते.

दुसरी गोष्ट फलकांवरच्या चुकांची. पाठीवर शिडासारखा पंखा असलेला डायमेट्रोडॉन तुम्ही डायनासोर म्हणून उभा केला होता. तो डायनासोर नाही. पहिला डायनासोर जन्मण्याच्या कोट्यवधी वर्षं आधी तो संपला होता, आणि नात्यानं तो सरड्यांपेक्षा आपल्या सस्तन प्राण्यांना जवळचा. टेरानोडॉनला ‘उडणारा डायनासोर’ लिहिलं होतं. ते उडणारे सरीसृप, डायनासोरांचे चुलत भाऊबंद. व्हेलोसिरॅप्टर माणसाएवढा उंच आणि कातडी गुळगुळीत. खरा व्हेलोसिरॅप्टर फार तर टर्कीएवढा होता आणि त्याला पिसं होती, 2007 मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणाही मिळाल्या. सिनेमानं त्याला मोठा केला, तुम्ही सिनेमावरून तो बनवला.

स्टेगोसॉरस आणि टिरॅनोसॉरस एकमेकांवर गुरगुरताना दाखवले होते. त्या दोघांमध्ये आठ कोटी वर्षांचं अंतर आहे. टिरॅनोसॉरस आणि आपण यांच्यातलं अंतर त्याहून कमी, साडेसहा कोटींच्या आसपास. हे एक वाक्य फलकावर असतं तर मुलं थबकली असती. बाबा वर्गात हे सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

तिसरी तक्रार आकाराची, आणि ही मी बाबांच्या वतीनं करते, कारण मोजमाप त्यांचं. जाहिरातीत ‘प्रत्यक्ष आकाराचे’ असं म्हटलंय. ब्रॅकिओसॉरसच्या फलकावर 22 मीटर लिहिलं होतं. बाबांनी कठड्याच्या बाजूनं पावलं टाकली. जेमतेम नऊ मीटर भरला. जागा कमी पडते, ट्रकमध्ये मावत नाही, हे मला कळतं. मग ‘निम्म्याहून लहान प्रतिकृती’ असं खाली लिहा. ज्या माणसानं साठ फूट फक्कीनं आखून दाखवले त्याला हे फार लागलं. आकार हाच तर डायनासोरचा पहिला धडा, आणि तोच तिथे खोटा होता.

चौथं, भाषा. एकही ओळ मराठीत नव्हती. सहलीतली मुलं मराठी शाळेची होती, फलकासमोर फोटो काढून पुढे जात होती. हिंदीही नव्हती.

पाचवं, आवाज. एकाच मांडवात आठ-दहा भोंगे एकदम डरकाळ्या फोडत होते. बाबांना कानाचं मशीन आहे. पाचव्या मिनिटाला त्यांनी ते काढून खिशात टाकलं, त्यामुळे मी बोललेलंही त्यांना ऐकू येईना. शेजारी एक चारेक वर्षांची मुलगी कान दाबून आईच्या ओढणीत शिरली होती. शिवाय वाघ-सिंहाची ही डरकाळी डायनासोरांना चिकटवायला आधार नाही. त्यांचे जिवंत नातेवाईक म्हणजे पक्षी आणि मगरी. त्यांच्यावरून बघितलं तर तोंड मिटून घुमणारा, छातीतून येणारा खोल आवाज जास्त संभवतो. तो हळू असता तरी अंगावर काटा आला असता.

बसायला जागा नव्हती. पूर्ण मांडवात दोन खुर्च्या, त्याही खाण्याच्या स्टॉलवाल्याच्या. प्लायच्या फळ्यांवर गालिचा अंथरलेला, फटीत बाबांची काठी दोनदा अडकली.

आणखी एक. शेवटच्या फलकावर उल्का पडली आणि डायनासोर संपले एवढंच होतं, खाली ती जिथे पडली त्या मेक्सिकोचं चित्र. त्याच काळात इथे आपल्या दख्खनेत जमीन फाटून लाव्हा वाहत होता, थरावर थर साचत होते. सह्याद्री त्याचाच. नागपूरची सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. डोंगरगाव-पिसदुऱ्याचे गाळाचे थर या लाव्ह्याशी निगडित आहेत. त्या संहारात लाव्ह्याचा वाटा किती यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. ज्या शहरात प्रदर्शन भरलं, तिथून चालत जाऊन हात लावता येईल असा पुरावा उभा असताना मुलांना फक्त मेक्सिको दाखवणं मला पटत नाही.

आता मागणं काय, ते सांगते.

महाराष्ट्रात येताना निदान एक भारतीय डायनासोर आणा. प्रतिकृती करायला वेळ लागेल हे समजतं. तोवर कापडावर, प्लायवर, जमिनीवर रंगानं, कसाही आयसिसॉरस दाखवा. फक्कीची एक पिशवी आणि दोरी लागते, माझ्या बाबांनी तेवढ्यात केलं. हा एक प्राणी आला तरी मी बाकीच्या तक्रारींबद्दल थांबायला तयार आहे.

फलक मराठीत लिहा, आणि छापण्याआधी ते भूशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला वाचायला द्या. जिथे जिथे तुम्ही मांडव घालता त्या बहुतेक शहरांत भूशास्त्र शिकवणारं कॉलेज आहे. कोणता प्राणी कुठला, किती वर्षांपूर्वीचा, आणि प्रतिकृती खऱ्या आकाराच्या किती पट, या तीन गोष्टी प्रत्येक फलकावर हव्यात. जे डायनासोर नाहीत ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवा आणि तसं लिहा. त्यांना काढून टाका असं मी म्हणत नाही, डायमेट्रोडॉन मुलांना आवडतो आणि आवडावा.

स्वयंसेवकांना उभं करण्याआधी एक दिवस शिकवा. ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ एवढं जरी त्यांना म्हणता आलं तरी पुरे.

रोज एक तास भोंगे बंद ठेवा. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, आवाजानं बिथरणारी मुलं त्या वेळात येतील. आणि खुर्च्या ठेवा, दहा-बारा, मांडवाच्या आत.

शिक्षकांना माझं मागणं वेगळं आहे. सहल न्याच. पण नेण्याच्या आदल्या दिवशी मुलांना शाळेच्या मैदानावर घेऊन जा आणि साठ फूट आखा. मग दुसऱ्या दिवशी तीच मुलं मांडवात आयोजकांना विचारतील की आमच्या डोंगरगावचा कुठंय.

बाबा गावी परत गेले. आठ दिवसांनी त्यांचं पाकीट आलं. आत वहीच्या पानावर त्यांच्या अक्षरात एक फलक लिहिलेला होता, आणि वर सूचना, ‘त्या लोकाईले पाठव. पैसे नको.’ तो मी खाली जसाच्या तसा उतरवते आहे. कोणत्याही प्रदर्शनानं तो वापरावा, नाव घालायची गरज नाही.

आपली,
गुरुजींची मुलगी

सोबत : फलकाचा मजकूर

आयसिसॉरस
सापडला : डोंगरगाव, जिल्हा चंद्रपूर, महाराष्ट्र.
काळ : साडेसहा कोटी वर्षांपेक्षा आधी. तेव्हा आपला देश समुद्रात एकटा, उत्तरेकडे सरकत होता. हिमालय नव्हता.
लांबी : अंदाजे साठ फूट. इथून त्या खांबापर्यंत चालून बघा.
दंडाचं हाड : 148 सेंटिमीटर. त्याच्या शेजारी उभे राहा, तुमची उंची किती भरते बघा.
खाणं : पाला. त्याच्याच भागातल्या डायनासोरांच्या दगड झालेल्या शेणात गवतही मिळालं आहे.
डोकं : अजून सापडलेलं नाही.